पुडीची संवय

वैद्याला न विचारतां आपल्याच मनानें औषध घेण्याची चाल आपल्या घराघरांत आहे, आणि वडील मंडळींत ती विशेष दिसते. तिचे परिणाम किती लांबवर पोंचतात हें दाखविणारी एक हकीकत स्वीडनमध्यें घडली.

हुस्क्वार्ना हें तेथील कारखान्याचें गांव. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत गांवचे डॉक्टर ह्योर्टन यांनीं तापावर व अंगदुखीवर एक पूड योजिली. तींत फेनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफीन हीं तीन द्रव्यें होतीं. सांथ ओसरली, पण पुडी राहिली. तिनें कामाला हुशारी येते अशी कामगारांची समजूत झाली. रोजच्या कामांत पुडी, थकवा आला कीं पुडी. वाढदिवसाची भेट म्हणूनहि पुड्या देण्यांत येऊं लागल्या!

ही पुडी घेऊन त्याच दिवशीं कोणी आजारी पडत नसे, आणि खरा धोका यांतच होता. तारुण्यापासून घेतलेल्या पुड्यांचा परिणाम पुष्कळ वर्षांनीं मूत्रपिंडांवर दिसे. १९५३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें श्प्यूलर आणि त्सोलिंगर या संशोधकांनीं मूत्रपिंडांच्या अशा जुनाट विकाराचें वर्णन केलें, व वेदनाशामकांविषयीं संशय उत्पन्न झाला. पुढें १९६३ सालीं ग्रिमलुंड यांनीं हुस्क्वार्ना येथील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली, तींतहि हाच संबंध दिसून आला. १९८३ सालीं अमेरिकेंत आणि आपल्या देशांतहि फेनॅसिटिन बंद झालें. तें बाजारांत आलें होतें १८८७ सालीं. म्हणजे मध्यें ९६ वर्षें लोटलीं.

फेनॅसिटिन गेलें, तरी संवय गेलेली नाहीं. गुडघा दुखला कीं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दुकानांतून आणावी, शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचेंच औषध आपणहि घ्यावें, हें आजहि चालतें. वयाबरोबर मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची शक्ति कमी होत जाते. त्यांतून रक्तदाबाचीं व लघवी वाढविणारीं औषधें चालू असतील, तर या गोळ्यांनीं मूत्रपिंडांवर अधिकच ताण पडतो, आणि रक्तदाबहि वाढूं शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाबरोबर त्या घेतल्यास पोटांत रक्तस्राव होण्याचें भय असतें.

डॉक्टरांनीं विचारलें असतां वृद्ध मनुष्य चिठ्ठीवरचीं औषधें तेवढीं सांगतो. दुकानांतून आणलेली गोळी, चूर्ण वा काढा यांना तो औषधांत धरीतच नाहीं. हुस्क्वार्नाच्या कामगारांनाहि पुडी ही औषध वाटेनाशी झाली होती. म्हणून डॉक्टरांकडे जातांना घरांतील सर्व गोळ्या, पुड्या व बाटल्या एका पिशवींत घालून बरोबर न्याव्या. "मला कांहीं त्रास होत नाहीं" एवढ्यावर कोणी विसंबूं नये. हुस्क्वार्नांतहि पहिलीं कित्येक वर्षें लोकांचा अनुभव तोच होता.