रोहूची जनुके जिवाणूंशी कशी लढतात?

रोहू, कटला, मृगळ या माशांच्या तळ्यात एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू सहसा वास्तव्यास असतोच. पाण्यातील प्राणवायू घटला, दाटी झाली किंवा हाताळताना खवले निघाले, की एरवी निरुपद्रवी वाटणारा हा शेजारी घातक ठरतो. अंगावर व्रण पडतात, परांच्या मुळाशी रक्त साकळते, पोटात पाणी भरते. मत्स्यशेतकऱ्याला हे दिसते तेव्हा माशाच्या शरीरातील लढाई बरीचशी निकाली निघालेली असते.

प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात तयार होण्यास माशांत काही आठवडे लागतात. पाणी थंड असेल तर त्याहूनही अधिक. त्यामुळे पहिला भार उपजत प्रतिकारशक्तीवर पडतो. पेशींवरील 'टोल-सदृश ग्राही' जिवाणूचे विशिष्ट घटक ओळखतात. यांपैकी पाचव्या क्रमांकाचा ग्राही जिवाणूच्या शेपटीवजा तंतूतील फ्लॅजेलिन हे प्रथिन हेरतो. ही वर्दी केंद्रकापर्यंत पोहोचताच सुप्त असलेली अनेक जनुके काही तासांतच कार्यरत होतात. इंटरल्युकिन-१ बीटा दाह निर्माण करून भक्षक पेशींना बोलावते, लायसोझाइम जिवाणूची भित्तिका फोडते, तर हेप्सिडिन रक्तातील लोह कमी करून जिवाणूची उपासमार करते. मानवाप्रमाणे रक्तपेशी बनविणारी अस्थिमज्जा माशांत नसते. ते काम वृक्काचा अग्रभाग करतो. म्हणूनच संशोधक यकृत व प्लीहेबरोबर या भागाचेही नमुने घेतात आणि कोणते जनुक किती कार्यरत झाले, हे त्यातील आरएनए मोजून ठरवितात.

एक विलक्षण बाब अशी, की जिवाणूच्या आवरणातील ज्या विषारी घटकाची अल्प मात्राही माणसाला गंभीर आघात पोहोचवू शकते, त्याची मोठी मात्रा मासे सहज पचवितात. मासा म्हणजे पाण्यातला छोटा सस्तन प्राणी नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण!

या ज्ञानाचा उपयोग भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने केला आहे. नॉर्वेच्या सहकार्याने निवड पद्धतीने वेगाने वाढणारा 'जयंती रोहू' विकसित करणारी हीच संस्था. तेथे रोहूच्या निरनिराळ्या कुटुंबांतील काही माशांना एरोमोनासची लागण करण्यात आली. जी कुटुंबे अधिक तगली, त्यांच्या लागण न झालेल्या भावंडांपासून पुढील पिढी घेण्यात आली. अशा रीतीने रोगप्रतिकारक्षम आणि रोगास बळी पडणारे असे दोन वंश हाती आले. प्रतिकारक्षम वंशाच्या रक्तद्रवात सेरुलोप्लाझ्मिन या तांबे वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण अधिक आढळले. रोगाची लागण न करताच कणखर मासा ओळखता येण्याची शक्यता यातून दिसते.

नॉर्वेत साल्मन माशाला एकेक करून लस टोचली जाते व ते परवडते. रोहूच्या हजारो बोटुकलींबाबत तो खर्च झेपणारा नाही. प्रतिजैविके खाद्यात मिसळण्याचा मार्ग सोपा खरा. परंतु त्यातून औषधांना दाद न देणारे जिवाणू तळ्यातच पोसले जातात. प्रतिकारशक्ती बियाण्यातच असली, तर शेतकऱ्याला वेगळे काही टोचावे वा मिसळावे लागत नाही; तळ्याची निगा मात्र राखावीच लागते.