जोर, कुरापत आणि खिलाडूपणा



मोरा हे मुंबईच्या समोरचे लहानसे बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच खाडीपलीकडे येऊन लागते ती येथे. उरण हा पनवेल तालुक्याचा एक पेटा होता, त्या काळापासून ह्या किनाऱ्यावरील माणसाचे पोट मासळी, मिठागर आणि भातशेती ह्यांवर चालत आले. पुढे बंदरे आली, कारखाने आले. धंदे बदलले, परंतु भात कापून झाले, शेते मोकळी झाली, की गावोगाव हुतूतूचे अंगण आखावयाचे, ही रीत काही बदलली नाही. रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, कबड्डीचा संघ नाही असे गाव शोधत हिंडावे लागेल.

ह्या व्याख्यानमालेत आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा होती. आम्ही हुतूतूचा इतिहास निवडला. त्याला कारण आहे. संघटनेच्या कामात तीस वर्षे काढल्यावर आमचे असे मत झाले आहे की, जोर कोठवर करावा आणि कोठे आवरावा, ह्याचे पहिले शिक्षण आमच्या भागातील माणसाला ह्या अंगणात मिळते. सभेतील भाषणे पुष्कळ नंतर येतात.

आरंभी तीन शब्दांचा अर्थ ठरवून घेऊ. पहिला शब्द जोर. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात घुसावे, सात जणांनी मिळून त्या एकाला धरावे, घोटा पकडावा, पट काढावा, साखळी करून त्याला मध्यरेषेपासून दूर रेटावे. हे सर्व जोराचे काम आहे आणि त्यावाचून हुतूतू होत नाही. दुसरा शब्द कुरापत. चिमटा काढणे, नख लावणे, बाद होऊन जाणाऱ्या गड्याला शिवी हासडणे, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर मुद्दाम पाय देणे. ह्याने गुण मिळत नाही. समोरच्याचे चित्त मात्र बिघडते. तिसरा शब्द खिलाडूपणा. त्याविषयी शेवटी बोलू, कारण त्याची व्याख्या करण्यापेक्षा त्याचा अनुभव सांगणे सोपे आहे.

पुष्कळ लोक जोर आणि कुरापत एकाच मापाने मोजतात. चढाईला निघालेला गडी मांडीवर थाप मारतो, हे पाहून कोणी म्हणतात की, हा उद्दामपणा आहे. आमच्या मते तसे नाही. आखाड्यात मल्ल शड्डू ठोकतो तेव्हा तो उघड आव्हान देत असतो. सर्वांच्या देखत सांगतो की, मी आलो, ये. कुरापत नेहमी पंचाची पाठ पाहून केली जाते. जोराला प्रेक्षक हवे असतात, कुरापतीला आडोसा हवा असतो.

आता इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात ह्या खेळाचे तीन जुने प्रकार होते. संजीवनीत आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक बाद गडी उठून आत येई. गामिनीत मेलेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे; नुसते गुण मोजले जात. पावसाळी रात्रीच्या अंधुक उजेडात, गावच्या माळावर, स्पर्श झाला की नाही ह्याचा निवाडा करणार कोण? तेथे गामिनीचा नियम असेल तर बाद होणे म्हणजे डावाला मुकणेच. मग ‘मला हात लागलाच नाही’ म्हणण्याचा मोह किती वाढेल, हे सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील क्रीडा-कार्यकर्त्यांनी ह्या विखुरलेल्या चालींतून एक नियमावली घडविण्यास आरंभ केला. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हा खेळही होता. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला, १९५२ साली मद्रासला पहिले राष्ट्रीय सामने झाले, आणि महाराष्ट्राचे हुतूतू देशभर कबड्डी ह्या नावाने रूढ झाले. महाराष्ट्रात ह्या कामी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी ह्यांनी आयुष्य वेचले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

ह्या घडणीत संजीवनीचे तत्त्व टिकले, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. बाद झालेला गडी ज्या क्रमाने बाहेर गेला त्याच क्रमाने परत येतो. म्हणजे ‘मी बाद’ असे कबूल करणाऱ्याची शिक्षा बेमुदत नसते. त्याचे सोबती त्याला उठवू शकतात. माणसाला खरे बोलणे परवडले पाहिजे. ज्या कारखान्यात चूक कबूल करताच माणूस कायमचा घरी बसतो, तेथे चुका झाकल्या जातात आणि एके दिवशी त्यातूनच अपघात होतो. जेथे समज दिली जाते, थोडी शिक्षा होते आणि माणूस पुन्हा कामावर येतो, तेथे तो स्वतः होऊन सांगतो. नियम करणाऱ्यांच्या मनात हा हिशेब होता असे आमचे म्हणणे नाही. पण नियमाचा गुण असा आहे खरा.

नियमावली नीट वाचली तर ती जुन्या भांडणांची वहीच वाटते. नखे बारीक कापलेली असावीत, असा नियम आहे. अंगाला तेल किंवा बुळबुळीत पदार्थ लावू नये, असा नियम आहे. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम मोडू नये. पायांची कैची घालू नये. हातपाय किंवा धड ह्यांखेरीज दुसरे काही धरू नये, म्हणजे केस ओढू नयेत, कपडा ओढू नये. मुद्दाम ढकलून कोणाला सीमेबाहेर घालवू नये. चढाईवर गेलेल्या गड्याला त्याच्याच पक्षातील कोणी ओरडून सूचना केली, तर प्रतिपक्षाला गुण मिळतो. ह्यातील एकेक कलम वाचताना आमच्यापुढे एकेक माळ उभा राहतो. कोणीतरी कोठेतरी तेल लावून उतरल्याशिवाय तेलाचे कलम लिहिण्याचे कारण नाही. कामगार कायद्याचेही असेच असते. बारा तास राबविले जात होते म्हणून आठ तासांचे कलम आले.

ह्या खेळाचा दुसरा मुक्काम म्हणजे मुंबईचे गिरणगाव. कोकणातून गिरणीत गेलेला माणूस वळकटीबरोबर हा खेळही घेऊन गेला. लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगाव येथील चाळींच्या पटांगणांत संघ निघाले. १९५३ साली कामगार कल्याणाचा कायदा होऊन मंडळ स्थापन झाले, त्यानेही कामगारांचे सामने भरविले. तेथे एका पाळीचे गडी दुसऱ्या पाळीच्या गड्यांशी खेळत. रात्री ज्याचा घोटा धरला, त्याच्याच शेजारी सकाळी मागावर उभे राहावयाचे असे. अशा ठिकाणी जोर कितीही करा, त्याचा राग राहत नाही. कुरापतीचा मात्र राहतो. निखळलेल्या खांद्याबद्दल वैर धरणारा माणूस आम्हांला भेटला नाही. एका शब्दाबद्दल वीस वर्षे न बोलणारे भाऊबंद मात्र पुष्कळ भेटले.

शब्दांची कुरापत ही सर्वांत वाईट, कारण तिचा वळ दिसत नाही. जातीवरून, धंद्यावरून, बापाच्या गरिबीवरून बोललेले शब्द सामन्यात अजून ऐकू येतात, आणि ‘खेळात चालायचेच’ म्हणून ते सोडले जातात. ह्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. मेलबर्न शहरात १८५९ साली तेथील फुटबॉलचे नियम लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा गडी खेळतात. चेंडू लाथेने उडवितात, हातांत झेलतात, मुठीने पुढे देतात, आणि खांद्याला खांदा भिडवून आदळतात. जोराच्या बाबतीत तो खेळ आपल्या हुतूतूचा सख्खा भाऊ शोभेल. कुरापतीची कलाही तेथे मुरलेली आहे. चांगल्या खेळाडूच्या मागे एक माणूस सावलीसारखा लावून देतात. कोपर लावणे, सदरा ओढणे, कानाशी पुटपुटणे, असे त्याचे काम चाललेले असते.

१७ एप्रिल १९९३ रोजी निकी विन्मार नावाच्या आदिवासी खेळाडूला प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या दिल्या. सामना संपल्यावर त्याने सदरा वर केला आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखविले. १९९५ साली मायकेल लाँग ह्या दुसऱ्या आदिवासी खेळाडूने मैदानावरील अशाच शब्दांबद्दल तक्रार केली, आणि त्याच वर्षी वंशावरून होणाऱ्या शिवीगाळीविरुद्ध तेथे स्वतंत्र नियम झाला. म्हणजे तेथेही कलम लिहिले गेले ते कोणीतरी सोसून, उभे राहून, बोलल्यानंतरच.

त्याच खेळात १९२४ पासून ब्राउनलो नावाचे एक पदक दिले जाते. उत्तम आणि सचोटीचा खेळाडू निवडावयाचा. मते देतात पंच. ज्याच्यावर त्या हंगामात गैरवर्तनाबद्दल बंदीची शिक्षा झाली असेल, त्याला ते मिळत नाही. १९९७ साली ख्रिस ग्रँट ह्याला सर्वांत जास्त मते पडली होती, पण एका सामन्याची बंदी झाल्यामुळे पदक दुसऱ्याला गेले. त्यावर तेथे खूप हळहळ झाली. नियम मात्र मोडला नाही.

आता आपल्या कबड्डीतील अलीकडची गोष्ट. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझौ येथे आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण ह्यांच्यात झाला. अखेरची मिनिटे, गुण २८-२८. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणाला न शिवता सीमेबाहेर गेला आणि बचावाचे गडी त्याच्यामागे धावले. जुन्या नियमाने एक निकाल, नव्या नियमाने दुसरा. पंचांनी निर्णय दिला, फिरविला, पुन्हा फिरविला. सुमारे तासभर खेळ बंद पडला आणि खेळाडू मॅटवर बसून राहिले. आम्हांला तो देखावा अगदी ओळखीचा वाटला. ह्यालाच आम्ही ठिय्या म्हणतो! शेवटी खेळ पुढे सुरू झाला आणि भारत ३३-२९ असा जिंकला. एवढ्या मोठ्या वादात कोणी कोणावर हात टाकला नाही, हे दोन्ही संघांना भूषणावह आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियम दुहेरी असला की प्रामाणिक माणसेही भांडतात. करारातील एक संदिग्ध ओळ किती महिने खाते, हे संघटनेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता आमचा स्वतःचा एक अपराध सांगतो. विशीत असताना मोऱ्याजवळच्या एका गावी रात्रीच्या सामन्यात आम्ही कोपऱ्यावर उभे होतो. शेवटची चढाई. चढाईच्या गड्याने मागे वळता वळता पाय टाकला आणि त्याचा अंगठा आमच्या नडगीला लागला. पंचाला दिसले नाही. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही तसेच उभे राहिलो. एका गुणाने आम्ही जिंकलो, आणि आमच्या गावाने आम्हांला खांद्यावर घेतले.

पंधरा-सोळा वर्षांनी दोन संघटनांची संयुक्त कृती समिती झाली, तेव्हा पलीकडच्या बाजूने तोच गृहस्थ बसला होता. मागण्यांचा मसुदा ठरला. आम्ही म्हटले, “तोंडी शब्द पुरे आहे, सह्या उद्या करू.” तो शांतपणे म्हणाला, “दादा, तुमचा शब्द मी एकदा घेतलाय. सही आताच करा.” बाकीच्यांना काही कळले नाही. आम्ही सही केली आणि सर्वांसमोर म्हणालो, “तुमचा अंगठा मला लागला होता.” तो हसला नाही, रागावलाही नाही. “ते मला माहीत आहे,” एवढेच बोलला. पुढे त्या लढ्यात त्याच्याइतका भरवशाचा साथी आम्हांला मिळाला नाही. पण त्या एका गुणासाठी आमचा शब्द पंधरा वर्षे बाद होऊन बाहेर बसला होता, हे खरे.

ह्याच अनुभवावरून खिलाडूपणा म्हणजे काय ते आम्ही समजलो. पंचाने पाहिले नसताना ‘मी बाद’ म्हणणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. हस्तांदोलन, हारतुरे हे त्यानंतरचे.

ह्या भागातील मंडळांना आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, जातीवरून किंवा धंद्यावरून शिवी देणाऱ्याला पंचाने गळा आवळणाऱ्याइतकाच दोषी धरावे. हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड आज पंचाच्या खिशात आहेच; ते शब्दांसाठीही काढावे, आणि पुन्हा तसेच घडल्यास त्या संघाच्या कर्णधाराला जाब विचारावा. दुसरी, उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड ह्यांच्या बक्षिसांबरोबर सचोटीच्या गड्याचेही एक बक्षीस ठेवावे. त्याची निवड पंचांनी करावी, आणि ज्याला त्या स्पर्धेत कार्ड मिळाले असेल त्याचा विचार करू नये. बक्षिसाची रक्कम इतर बक्षिसांइतकीच असावी; नुसता नारळ देऊन भागवू नये. कामाचा मान दामावरून ठरतो, हे तरी आम्हां संघटनेच्या माणसांनी सांगितलेच पाहिजे.

पहिल्या वर्षी ह्या बक्षिसासाठी वर्गणी जमली नाही, तर ती आमच्याकडून घ्यावी. ते देणे आमच्यावर फार वर्षांचे आहे.