तार तुटली की तुमचं काम कुठे राहतं?

आभासी डेस्कटॉपचा इतिहास वाचायला घेतलात की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सापडेल: आधी मेनफ्रेम, मग पीसी, आणि आता पुन्हा सगळं सर्व्हरवर. लक्षात ठेवायला सोपी, पण संशोधनाला फारशी कामाची नाही. तारेवरून नेमकं जातं काय आणि जोडणी तुटली तर उघडं काम कुठे राहतं, हे तिच्यात येतच नाही.

१९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस चालवून दाखवलं. एका आयबीएम यंत्रावर एकाच वेळी अनेकजण, आणि तारेवरून फक्त अक्षरं. १९८४ मध्ये तिथेच एक्स विंडो सिस्टिम सुरू झाली. आता तारेवरून जाऊ लागल्या 'रेघ ओढ, खिडकी उघड' अशा आज्ञा. इथे जरा सावकाश वाचा. एक्समध्ये 'सर्व्हर' म्हणजे तुमच्या टेबलावरचा, पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम. दूरच्या यंत्रावर चालतो तो 'क्लायंट'. आजच्या सवयीने वाचलंत तर अख्खा पेपर उलटा कळतो! खिडक्यांचा हिशेब टेबलावरच्या सर्व्हरकडे असल्यामुळे जोडणी तुटली की दूरचा प्रोग्रॅम सहसा बंदच पडायचा.

केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी अँड ओरॅकल प्रयोगशाळेचा व्हीएनसीवरचा १९९८ चा पेपर मात्र मुळातूनच वाचा. त्यांनी पडद्याचे बदललेले तुकडे पिक्सेलच्या रूपात पाठवले आणि बघणाऱ्याच्या बाजूला काहीच साठवलं नाही. इथे बंद करा, दुसऱ्या इमारतीत उघडा, कर्सर त्याच जागी.

विंडोजच्या जगात सिट्रिक्सचं विनफ्रेम १९९५ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं टर्मिनल सर्व्हर १९९८ मध्ये. दोन्हींत एकच विंडोज अनेकांत वाटलेलं. २००० नंतरच्या दशकात व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांनी प्रत्येकाला वेगळं आभासी यंत्र द्यायला सुरुवात केली. मग मध्ये ब्रोकर लागला: तुम्ही लॉगिन करता, तो तुमच्या वाट्याचं यंत्र शोधतो आणि त्याच्याशी जोडून देतो. जोडणी तुटून परत आलात तर तुमच्या चालू सत्राकडे नेणंही त्याचंच काम.

पण सामायिक साठ्यातलं यंत्र असेल तर लॉगआउट करताच ते बहुधा पुसून कोरं केलं जातं. तुमच्या फायली आणि सेटिंग वेगळ्या जागी ठेवाव्या लागतात. म्हणून 'सत्र टिकतं' असं कुठे वाचलंत तर लगेच विचारा: जोडणी तुटल्यावर, की लॉगआउट केल्यावर?