कोतवालाची वही आणि मतदारयादी

संविधानाचा ३२६ वा अनुच्छेद मताधिकार नागरिकालाच देतो; नागरिकत्व कोणत्या कागदाने सिद्ध व्हावे, हे तो सांगत नाही. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, या प्रश्नाची दोन विसंगत रूपे आढळतात. पूर्व पाकिस्तानातून येऊन येथे वसलेल्या बंगाली निर्वासितांपाशी छावणीचे कागद असले, तरी १९५५ च्या कायद्याखाली नागरिकत्व निराळे मिळवावे लागे. त्यातच बंगाली उच्चारात ब-व हा भेद नसल्याने एकच आडनाव ‘बिश्वास’ व ‘विश्वास’ असे दोन तऱ्हांनी लिहिले जाऊ शकते. याउलट २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी येथेच जन्मलेला माडिया जन्मानेच नागरिक. पुरावा हवा तो केवळ जन्माचा. पण जुन्या काळी कोतवालाच्या वहीत पित्याचे नाव असे, अपत्याचे बहुधा नसे. ती नोंद आपलीच, हे दाखविण्यास मग दुसरा कागद शोधावा लागतो.