चिप गेली, ‘परम’ राहिला

मिहानमधल्या संगणक कंपन्यांच्या इमारती पाहून अनेकांना वाटते, की नागपूरचा संगणकाशी संबंध अगदी अलीकडचा. मला तो जुना वाटतो. पहिल्या भारतीय महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले आणि अभियांत्रिकी शिकले ते नागपुरात, आजच्या व्हीएनआयटीत. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला आणि आपण जिद्दीने ‘परम’ बनवला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या चिपवर ‘परम’ उभा राहिला, तीच कालबाह्य झाली तेव्हा काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही.

पुण्यात १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ सुरू झाली. क्रे संगणकात मोजकेच, पण अतिशय वेगवान प्रोसेसर असत. तसे आपल्याकडे नव्हते. म्हणून पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपायचे ठरले. विदर्भात कापूस वेचताना शेताच्या ओळी वाटून घेतात, तसाच हा प्रकार. हवामानाचे गणित असेल, तर नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक प्रोसेसरला एकेक द्यायचा. अडचण एवढीच, की शेजारच्या चौकोनातले आकडे कळल्याशिवाय कुणाचेच काम पुढे सरकत नाही. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’मध्ये शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या चिपवरच होत्या. त्याच्या आधारे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

लवकरच ट्रान्सप्युटरचा वेग अपुरा पडू लागला. इंटेलची ‘आय ८६०’ आकडेमोडीत कितीतरी सरस होती. पण प्रोसेसर बदलला की त्याला कळणाऱ्या आज्ञा बदलतात आणि जुन्या प्रोसेसरसाठी तयार केलेला प्रोग्राम नव्यावर जसाच्या तसा चालत नाही. म्हणजे यंत्र नवे येणार आणि शास्त्रज्ञांची मेहनत वाया जाणार! ‘परम ८६००’मध्ये यावर तोडगा निघाला. एका ‘आय ८६०’सोबत चार ट्रान्सप्युटर ठेवले. शिवाय ‘पारस’ ही प्रोग्राम लिहिण्याची व्यवस्था दोन्ही यंत्रांसाठी एकच ठेवली. त्यामुळे जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर नेता आले.

पुढे इनमॉसचा नवा ट्रान्सप्युटर रखडत आला आणि बाजारात टिकला नाही. ते घराणेच संपले. ‘परम’ मात्र संपला नाही. १९९४ च्या ‘परम ९०००’ची रचनाच अशी केली होती, की नवा प्रोसेसर आला की तो सामावून घेता यावा. त्यात सनच्या स्पार्क चिप बसत, तशीच डेकची अल्फाही. १९९८ चा ‘परम १००००’ अल्ट्रास्पार्कवर चालला, त्यानंतरचा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर चिपवर आणि २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर. यांतली अल्फा पुढे इतिहासजमा झाली. एकाच चिपशी गाठ मारली असती, तर तिच्याबरोबर आपणही बुडालो असतो. काम वाटून देण्याची विद्या आपली होती, म्हणून आपण तरलो.

तरीही एक रुखरुख राहतेच. या सगळ्या चिप परक्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘परम रुद्र’चे सर्व्हर देशी घडणीचे आहेत, प्रोसेसर मात्र इंटेलचेच. म्हणून सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर मला महत्त्वाचे वाटतात. ते आजच्या महासंगणकांना पर्याय नाहीत. पण ते ‘रिस्क-व्ही’ या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. बर्कलेच्या विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेला हा आज्ञासंच सर्वांना खुला आहे. तो वापरायला परवाना शुल्क लागत नाही आणि एखादी कंपनी बुडाली म्हणून तो संपत नाही.

मिहानमध्ये किंवा अन्यत्र संगणकावर काम करणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे: आज जी चिप चलतीत आहे ती जरूर शिका, पण तिच्यातच अडकू नका. तुमचा प्रोग्राम उद्याच्या चिपवर नेता येईल का, हे आजच पाहा.