बिंबाणू-ग्राही

रक्तातील बिंबाणूंच्या (प्लेटलेट) पटलावरील ग्लायकोप्रथिने (जीपी) व अन्य रेणू. रक्तवाहिनी फाटली, की तेथील कोलॅजेनला चिकटलेला व्हॉन विलेब्रँड घटक ‘जीपी १बी-९-५’ हा ग्राही पकडतो आणि बिंबाणू जखमेवर थबकतो. ‘जीपी ६’ कोलॅजेनशी बांधला जाऊन बिंबाणूला उद्दीपित करतो. उद्दीपित बिंबाणूतून सुटलेले एडीपी हे रसायन ‘पी२वाय१२’ या ग्राहीद्वारे शेजारच्या बिंबाणूंना जागवते, क्लोपिडोग्रेल हे औषध याच ग्राहीला रोखते. शेवटी ‘जीपी २बी-३ए’ फायब्रिनोजेनच्या दुव्याने बिंबाणूंची गुठळी बांधतो.

पहिला ग्राही नसल्यास बर्नार-सूलिए विकार (१९४८), शेवटचा नसल्यास ग्लान्झमान विकार (१९१८) होतो. दोन्ही अप्रभावी जनुकांमुळे होत असल्याने नात्यातील विवाहांत त्यांचा धोका वाढतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या नांदेड, लातूर या जिल्ह्यांत ही बाब महत्त्वाची ठरते. ग्लान्झमान विकारात नाकातून, हिरड्यांतून येणारे रक्त थांबत नाही, पण बिंबाणूंची संख्या (सामान्यतः १.५ ते ४.५ लाख प्रति घन मिमी.) बहुधा प्राकृत असते. निदान बिंबाणू-समूहन चाचणी व फ्लो सायटोमेट्रीने होते. अशा रुग्णांना अ‍ॅस्पिरीन वर्ज्य असते. गंभीर रक्तस्रावात बिंबाणू चढवतात.