नमुना-सिलिंडरातील वायुदाब व तापमान

वायूचा नमुना परीक्षणासाठी प्रयोगशाळेत नेण्याकरिता वापरण्यात येणाऱ्या, झडपांनी बंद केलेल्या धातूच्या पात्रास नमुना-सिलिंडर म्हणतात. त्याचे घनफळ व आतील वायूची राशी जवळजवळ कायम असल्यामुळे दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. या संबंधाचे ज्ञान टप्प्याटप्प्याने झाले.

गीयोम आमाँताँ यांनी 1702 च्या सुमारास असे दाखविले की, कोंडलेली हवा नेहमीच्या तापमानापासून पाण्याच्या उकळबिंदूपर्यंत तापविल्यास तिचा दाब सु. एक-तृतीयांशाने वाढतो. गे-ल्युसॅक यांनी 1802 मध्ये निरनिराळ्या वायूंचे उष्णतेने होणारे प्रसरण सारखेच असते, असे सिद्ध केले. झाक शार्ल यांच्या 1787 च्या सुमाराच्या अप्रकाशित प्रयोगांचा उल्लेखही त्यांनीच केला. लॉर्ड केल्व्हिन यांनी 1848 मध्ये केवल तापमानाची कल्पना मांडली. त्यामुळे स्थिर घनफळाच्या वायूचा दाब केवल तापमानाच्या सम प्रमाणात असतो, हा नियम सुटसुटीतपणे मांडता आला.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे उन्हाळ्यात तापमान 40° से.च्या वर जाते. तेथे हिवाळ्यात 15° से. (288 के.) तापमानास 50 बार केवल दाबाने भरलेल्या सिलिंडरातील हवा उन्हाळ्यात 45° से. (318 के.) झाली, तर दाब सु. 55 बार होईल. आतील हवेची राशी मात्र तितकीच राहते. म्हणून तापमानाची नोंद नसलेले दाबाचे वाचन अपुरे ठरते.

पात्रात द्रव असल्यास हा नियम लागू पडत नाही. द्रव व बाष्प एकत्र असेपर्यंत दाब हा संपृक्त बाष्पदाबाइतका असतो. परंतु द्रवाने पात्र पूर्ण व्यापल्यास अल्प तापमानवाढीनेही दाब अतिशय वाढून पात्र फुटू शकते. यासाठी द्रवीकृत पेट्रोलियम वायूच्या नमुन्यात पात्राचा सु. एक-पंचमांश भाग रिकामा ठेवतात. याउलट, नैसर्गिक वायूचा नमुना थंड झाल्यास जड हायड्रोकार्बने द्रवरूपाने भिंतींवर साचतात व विश्लेषणातील उष्णतामूल्य चुकते. म्हणून परीक्षणापूर्वी सिलिंडर नियंत्रितपणे तापवितात. मुंबई हाय क्षेत्राचा शोध (1974) लागल्यावर आणि तेथील वायू उरण येथे येऊ लागल्यावर अशा अचूक परीक्षणाचे महत्त्व महाराष्ट्रात वाढले.

भारतात वायू सिलिंडरांसंबंधीचे नियम 1940 मध्ये करण्यात आले. नंतर 1981, 2004 व 2016 मध्ये नवे नियम आले. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. या नियमांत स्थायी वायूंचा कार्यदाब 15° से.स, तर कमी दाबाच्या द्रवीभवनक्षम वायूंचा 65° से.स धरतात. उन्हात तापलेल्या सिलिंडरासही पुरेसे सुरक्षित अंतर राहावे, हा त्यामागील हेतू होय.